अणू, रेणू आणि कल्हईचा धूर

दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि मग अकरावी सायन्स इंग्रजीतून, या वाटेने पुण्यात दरवर्षी कितीतरी मुलं जातात. मीही तशीच गेले. आता बरीच वर्षं घरी आठवी ते अकरावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते आहे, आणि मी जिथे अडले होते नेमकी तिथेच ती अडताना बघते. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी अडले ते शब्दांत. अकरावीच्या पहिल्या चाचणीत ॲटम आणि मॉलिक्यूल यांतला फरक विचारला होता आणि माझं उत्तर पुरतं उलटं आलं. सुट्टीत अप्पा बळवंत चौकातून एक जुनं हिंदी गाइड आणलं होतं, त्यातून मी मन लावून अभ्यास केला होता. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. शब्द एकच, पण दोन भाषांत त्याचा अर्थ वेगळा. वर्गात हे कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. आजची मुलं हिंदी व्हिडिओ बघतात आणि तोच गोंधळ घेऊन येतात. तेव्हा वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा: मराठी, हिंदी, इंग्रजी. मूलद्रव्य, तत्त्व, एलिमेंट. संयुग, यौगिक, कंपाउंड. वस्तुमान, द्रव्यमान, मास. संयुजा, संयोजकता, व्हॅलन्सी. वीस-पंचवीस शब्द झाले की पहिले दोन महिने निभतात.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग हे चार शब्द धड्यात एका ओळीत येतात, त्यामुळे एकापुढची एक पायरी असल्यासारखे वाटतात. तसे ते नाहीत. अणू आणि रेणू हे कणाबद्दल बोलतात: सुटा कण आहे, की काही अणू बंधाने जोडलेले आहेत? मूलद्रव्य आणि संयुग हे पदार्थाबद्दल बोलतात: त्यात एकाच प्रकारचे अणू आहेत, की निरनिराळे? हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की सगळं जागच्या जागी बसतं. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनचा कण दोन अणूंचा, म्हणजे रेणू. पण दोन्ही अणू ऑक्सिजनचेच, म्हणून पदार्थ मूलद्रव्य. ओझोनचा रेणू तीन अणूंचा, गंधकाचा आठ अणूंचा, तरी दोन्ही मूलद्रव्यंच. हेलियम मात्र सुट्या अणूंनी राहतो. 'रेणू म्हणजे संयुग' हे वाक्य कुणाच्या वहीत दिसलं की मी तिथेच थांबते आणि हे सगळं पुन्हा सांगते.

मला हे खरं उमगलं ते कल्हईमुळे. आमचं घर कसब्यात, तांबट आळीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी वाड्यात कल्हईवाले काका यायचे. अंगणात खड्डा करून कोळसे पेटवायचे, भाता मारायचे, पितळी पातेलं चिमट्यात धरून तापवायचे. तापलं की त्यात नवसागराची चिमूट. भपकन पांढरा धूर उठायचा, नाकात झोंबायचा. लगेच कथलाची कांडी टेकवायची. ते पाण्यासारखं वितळायचं, आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलं की पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं.

"काका, नवसागर कशाला?" मी एकदा विचारलं होतं.

"मळ खातो तो, पोरी. त्याच्याशिवाय कथील धरत नाही."

बी.एस्सी.ला असताना हे चित्र पुन्हा डोळ्यांसमोर आलं आणि त्यात अख्खा धडा दिसला. कथील हे मूलद्रव्य. अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कोळशाच्या शेगडीवर काम होतं. तांब्याला १०८५ अंश लागतात. नवसागर हे संयुग, अमोनियम क्लोराइड. तापलं की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. त्यातला हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, हाच काकांचा 'मळ'. वर जाऊन गार होताना ते दोन वायू पुन्हा एकत्र येतात, तोच पांढरा धूर. आणि पातेल्याचं पितळ? ते दोन्हींत बसत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण, संमिश्र. जस्त कमी-जास्त केलं तरी ते पितळच राहतं, फक्त रंग आणि कणखरपणा बदलतो. पाण्याचं तसं चालत नाही. हायड्रोजन एक ग्रॅम तर ऑक्सिजन आठ ग्रॅम, पाणी कुठलंही घ्या, पुण्याचं की काशीचं, हे प्रमाण हलत नाही. मिश्रण आणि संयुग यांतला फरक पाठ करण्याऐवजी मुलांनी पितळ आणि पाणी एवढे दोन शब्द लक्षात ठेवावेत, असं मला मनापासून वाटतं.

एक बारीक गोष्ट पुस्तकात पटकन निघून जाते, ती धरून ठेवा. मिठाला रेणू नसतो. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, एकाआड एक रचलेले असतात, आणि सूत्र फक्त त्यांचं एकास एक हे प्रमाण सांगतं. नवसागराचंही तसंच.

मूलद्रव्यांच्या संज्ञा, म्हणजे त्यांची अक्षरी चिन्हं, पाठ करताना सोडियम 'एनए' का, पोटॅशियम 'के' का, म्हणून मुलं वैतागतात. ती नेट्रियम आणि कॅलियम या लॅटिन नावांची अक्षरं आहेत. तांबं क्युप्रम, कथील स्टॅनम. ११८ मूलद्रव्यं आहेत, पण सुरुवातीला पहिली वीस आणि रोजच्या वापरातले सात-आठ धातू पुरतात. बालभारतीची सातवी ते नववीची विज्ञानाची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. अकरावीत गेल्यावरही ती पुन्हा वाचायला कमीपणा मानू नका.

मोल, म्हणजे अणू-रेणू मोजायचं माप, ही कल्पना सगळ्यांना जड जाते. मी खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण घेते. आधी दहा मिलिलिटर, मग आठ, असं अठरा मिलिलिटर पाणी मोजून वाटीत ओतायला लावते. अठरा ग्रॅम पाणी, एक मोल. त्यात ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके रेणू, आणि अणू त्याच्या तिप्पट. मुलं वाटी हातात धरून बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहतात. त्या दिवशी मी पुढचं काही शिकवत नाही.