एचडीसाठी नवीन डीटीएच घेताय? आधी या चुका टाळा

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, "एचडीसाठी कुठली कंपनी बेस्ट?" आणि मग सुरू होतं, एक जण म्हणतो टाटा प्ले, दुसरा म्हणतो एअरटेल, तिसरा म्हणतो आमच्याकडे डिश टीव्ही आहे इतकी वर्षं, काही प्रॉब्लेम नाही, आणि चौथा सगळ्यांना सांगतो की डीटीएच आता कोण घेतं, फायबर घ्या. सगळे आपापल्या घरापुरते बरोबर असतात, पण त्यांच्या खिडक्या वेगळ्या दिशेला आहेत हे कोणी बोलतच नाही.

चित्राच्या बाबतीत कंपन्यांमध्ये लोक समजतात तेवढा फरक नसतो. एचडी चॅनेल म्हणजे 1920 बाय 1080, साधं एसडी म्हणजे 720 बाय 576, म्हणजे ठिपक्यांचा हिशोब केला तर साधारण पाचपट, आणि हे सगळीकडे तेच. कंपनीप्रमाणे खरोखर बदलतं ते म्हणजे उपग्रह आकाशात कुठे आहे, तुमची चॅनेल तिथे एचडीत आहेत का आणि बिल कसं लावतात. लोक मात्र ऑफर बघून बॉक्स घेतात आणि बाकीचं इन्स्टॉलेशनच्या दिवशी कळतं.

दिशा न बघता बुकिंग करणं

ठाण्यात आणि नवी मुंबईत सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आपण साधारण 73 अंश पूर्व रेखांशावर आहोत आणि डीटीएचचे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, आपल्यापेक्षा पूर्वेला. टाटा प्लेचा 83 अंशावर, डीटूएचचा 88 वर, डीडी फ्री डिशचा 93.5 वर, डिश टीव्हीचा 95 वर आणि एअरटेलचा पार 108.2 वर. म्हणजे आपल्याकडून बघितलं तर सगळे आग्नेयेला, पण एका जागी नाहीत. टाटा प्लेचा दक्षिणेकडे झुकलेला आणि आकाशात खूप वर, जवळजवळ 65 अंशांवर, तर एअरटेलचा पूर्वेकडे सरकलेला आणि 45 अंशांच्या आसपास. बाकीचे यांच्या मधे.

आता याचा घरात अर्थ काय, तर घोडबंदर रोडला मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत टॉवरला टॉवर लागलेत, तिथे पूर्वेला समोर तीस मजली बिल्डिंग असेल तर एअरटेलची छत्री (म्हणजे डिश अँटेना) बाल्कनीतून काही बघू शकणार नाही पण टाटा प्लेची कदाचित बघेल, आणि उलट तुमच्या डोक्यावर वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब बाहेर आलेला असेल तर 65 अंशवाली छत्री अडते आणि 45 वाली मजेत चालते. पश्चिमेला किंवा उत्तरेला तोंड असलेला फ्लॅट असेल तर विषयच संपला, छत्री टेरेसवरच जाणार.

येऊरच्या डोंगरामुळे सिग्नल येत नाही असं वाघबीळ साइडला बरेच जण छातीठोक सांगतात. येऊर पश्चिमेला आहे हो, आणि उपग्रह आग्नेयेला, डोंगराचा बिचाऱ्याचा काही संबंध नाही. समोरचा टॉवर बघा.

तपासायचं कसं? फोनमधलं होकायंत्र चालतं, फक्त लोखंडी ग्रिलला चिकटून धरू नका, सुई भलतीकडेच फिरते, घराच्या मधोमध उभं राहून दिशा घ्या. आणि एक जुगाड आहे जो कुठलाच सेल्समन सांगत नाही. मार्चचा दुसरा आठवडा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा, या दिवसांत सूर्य बरोब्बर या उपग्रहांच्या मागून जातो, एअरटेलच्या मागून सकाळी दहाच्या आसपास आणि टाटा प्लेच्या मागून बाराच्या जरा आधी किंवा बाराला. त्या वेळेला ग्रिलच्या ज्या जागी ऊन पडतं तिथून उपग्रह दिसतो, जिथे सावली आहे तिथून नाही. त्याच दिवसांत रोज काही मिनिटं चित्र जातं पण, कारण सूर्याचा गोंगाट सिग्नलवर चढतो, तेव्हा कस्टमर केअरला फोन लावून भांडू नका, थोड्या वेळाने आपोआप येतं.

अजून एक, छत्री वाकून समोरच्या बिल्डिंगकडे बघतेय म्हणून "अँगल चुकीचा लावलाय" असं ठरवू नका. आपल्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, दिसतात त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असतात.

टेरेसची परवानगी नंतर बघू म्हणणं

नेरूळच्या एका नातेवाइकांकडे इन्स्टॉलेशनवाला आला, बॉक्स उघडला, खिडकीतून बघितलं आणि म्हणाला, "दादा, इथून नाही होणार, टेरेसची चावी लागेल." चावी सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला, आणि चावी मिळाली तेव्हा कळलं की नवीन वॉटरप्रूफिंग केलंय, ड्रिल मारायचं नाही असा ठराव आहे. पोरगा निघून गेला, पुढच्या व्हिजिटचे वेगळे पैसे. म्हणून आधी सोसायटीत विचारा की छत्री कुठे लावू देतात, पॅरापेटला भोक चालतं का की विटा ठेवून स्टँड उभा करायचा, आणि वायर कुठल्या डक्टमधून खाली आणायची. काही कॉम्प्लेक्समध्ये टेरेसवर एकच कॉमन छत्री असते आणि घराघरात पॉइंट दिलेला असतो, तिथे कंपनी निवडायचा चान्सच नसतो, जी आहे ती.

आणि एप्रिल-मेमध्ये टेरेसवर डांबर, पत्रा, ताडपत्री अशी कामं निघतात तेव्हा कामगार छत्री उचलून बाजूला ठेवतात आणि नंतर आपल्या अंदाजाने परत लावतात. एखादा-दोन अंश इकडेतिकडे झाला तरी सिग्नल क्वालिटी कोसळते. पावसाळ्यापूर्वीच्या कामानंतर चित्र तुटायला लागलं तर बॉक्सला दोष द्यायच्या आधी वर जाऊन बघा. कोपरखैरण्याला रो-हाउसवर पत्र्याची शेड टाकतात तिकडे तर छत्रीच शेडच्या खाली गेलेली असते आणि लोक रिचार्ज संपला का ते बघत बसतात.

एचडी बॉक्स आला म्हणजे एचडी आलं असं समजणं

हे इतकं कॉमन आहे ना. बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, आणि बघतायत काय तर स्टार प्रवाह एसडी, कारण रिमोटवर जुना नंबर पाठ झालाय. एचडी चॅनेलचा नंबर वेगळा असतो आणि ते पॅकमध्ये वेगळं घ्यावं लागतं. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांची एचडी चॅनेल आहेत, पण बातम्यांची बहुतेक मराठी चॅनेल एसडीच आहेत, तेव्हा ज्या घरात दिवसभर बातम्या चालतात त्यांनी एचडी पॅकवर पैसे टाकून चित्र भुरकट का म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही.

म्हणून कंपनी ठरवायच्या आधी कागदावर लिहा, घरात खरोखर काय बघितलं जातं, आईची सिरियल, बाबांच्या बातम्या, मॅच, पोरांचं कार्टून. मग त्या त्या कंपनीच्या अॅपवर जाऊन ही चॅनेल एचडीत आहेत का ते एकेक करून शोधा. एकूण किती एचडी चॅनेल देतो या जाहिरातीतल्या आकड्याला काडीची किंमत नाही, त्यातली निम्मी आपल्या भाषेतली नसतात.

डीडी फ्री डिश मासिक भाडं नाही म्हणून चांगलंय, सह्याद्री वगैरे दिसतं, पण एचडीसाठी नाही. खाजगी चॅनेल तिथे एसडीत, एचडी म्हणाल तर दूरदर्शनचीच थोडीफार आणि त्यालाही एमपेग-4 वाला (नव्या पद्धतीचा) बॉक्स लागतो.

वायरीचं बघा आता. टेक्निशियन घाईत असला की जुनी लाल-पांढरी-पिवळी वायर लावून जातो. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, कधीच नाही, कितीही महाग टीव्ही असू दे. एचडीएमआय वायर पाहिजे आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट 1080आय आहे का ते पाहिजे, बऱ्याचदा ते 576 वर राहिलेलं असतं. माणसं जाड दिसत असतील, चेहरे रुंद, तर बहुतेक 4:3 चं चित्र ताणून 16:9 केलंय, तेही तिथेच सुधारतं.

बिलात दोनदा पैसे भरणं

2019 च्या फेब्रुवारीपासून ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नवीन नियम आले तेव्हापासून बिलाचे दोन भाग असतात, एक नेटवर्क कपॅसिटी फी म्हणजे एनसीएफ, हे कनेक्शनचं मूळ भाडं, आणि दुसरा चॅनेलचे पैसे, वर 18 टक्के जीएसटी. पूर्वी एनसीएफला 130 रुपयांची मर्यादा होती, 200 चॅनेलच्या वर 160, ती मर्यादा 2024 मध्ये ट्रायने काढून टाकली, त्यामुळे आता प्रत्येक कंपनीचा आकडा विचारूनच घ्या, जुन्या माहितीवर जाऊ नका. चॅनेलची एमआरपी मात्र चॅनेलवाला ठरवतो आणि कुठलीच डीटीएच कंपनी त्याच्या वर घेऊ शकत नाही, म्हणून एकेका चॅनेलच्या किमतीची तुलना करत बसण्यापेक्षा एनसीएफ, पॅकवरची सूट आणि दुसऱ्या टीव्हीचे चार्जेस हे तीन आकडे विचारा. खरा फरक तिथे निघतो.

आणि हे तर आजच बघून घ्या, एकाच चॅनेलचं एसडी आणि एचडी दोन्ही चालू आहे का? एकाच बुकेमध्ये (चॅनेलच्या एका गटात) दोन्ही टाकायला नियमाने बंदी आहे, पण आपण जुना पॅक तसाच ठेवून वर एचडीचं अॅड-ऑन घेतो ना, मग दोन्ही येतात आणि वर्षानुवर्षं पैसे जातात. कस्टमर केअर स्वतःहून सांगेल ही अपेक्षा सोडा. एनसीएफसाठी चॅनेल मोजताना एक एचडी म्हणजे दोन एसडी धरतात हेही लक्षात ठेवा.

वर्षभराचा रिचार्ज एकदम मारला तर सूट मिळते म्हणून पहिल्याच दिवशी मारू नका. निदान एक पावसाळा जाऊ द्या.

पावसात गेलं की कंपनी बदलणं

जुलैत ठाण्यात जो पाऊस पडतो त्यात सगळ्यांचंच चित्र जातं. डीटीएच केयू बँडवर, म्हणजे खूप आखूड रेडिओ लहरींवर चालतं आणि त्या लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात, याला कंपनी काही करू शकत नाही. छत्री जितकी खाली बघते तितका सिग्नलचा पावसातला रस्ता लांब, हेही आहेच. पण पंधरा मिनिटांचा ढगफुटीसारखा पाऊस आणि साधी रिपरिप यात फरक करा. रिपरिपीत जर चित्र तुटत असेल तर तो पाऊस नाही, तुमच्या छत्रीची अलाइनमेंट आधीपासूनच काठावर आहे. कोरड्या दिवशी बॉक्सच्या मेन्यूत जाऊन सिग्नल स्ट्रेंग्थ नव्हे, सिग्नल क्वालिटी बघा आणि फोटो काढून ठेवा, मग टेक्निशियन आला की दाखवता येतं, नाहीतर तो येतो तेव्हा ऊन पडलेलं असतं आणि सगळं ठीक दिसतं.

त्याच्यासमोर कनेक्टर उघडायला लावा. छत्रीच्या पुढे दांड्यावर सिग्नल पकडणारा जो एलएनबी असतो तिथे वायर जोडलेली असते, त्या जोडात पाणी शिरतं आणि आतली तांब्याची तार हिरवी पडते. वाशी-ऐरोली खाडीच्या बाजूला तर खारी हवा, गंज लवकर चढतो. नवीन कनेक्टर आणि त्यावर टेप एवढ्यावर काम भागतं, लोक मात्र अख्खा बॉक्स बदलतात. कावळे आणि कबुतरं पण एलएनबीच्या दांड्यावर बसतात, दांडा सैल असेल तर तेवढ्यानेही हलतो.

बेडरूममध्ये दुसरा टीव्ही असेल तर लोकल केबलवाल्याकडचा स्प्लिटर लावून एकाच वायरीवर दोन बॉक्स चालवू नका. बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून सांगतो की कुठले सिग्नल हवेत, दोन बॉक्स दोन वेगळ्या गोष्टी मागायला लागले की एकीकडे चॅनेल गायब होतात आणि कुणालाच कळत नाही का ते. दोन आउटपुटवाला एलएनबी घ्या, दोन वायरी टाका.

कंपनी बदलायचीच झाली तर जुना बॉक्स नवीन कंपनीत चालणार नाही आणि छत्री पण नव्या उपग्रहाकडे फिरवावी लागते, हा खर्च धरून चाला. अकरा महिन्यांच्या भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर जास्तच, कारण घोडबंदरला मस्त चाललेलं कनेक्शन खारघरच्या फ्लॅटमध्ये तसंच चालेल याची गॅरंटी नाही. घर बघायला जाल तेव्हा ग्रिलबाहेर आधीच्या भाडेकरूची गंजलेली छत्री लटकलेली दिसली तर कुठल्या कंपनीची आहे ते वाचून घ्या, आणि घरमालकाला विचारा की त्यावर टीव्ही खरंच चालायचा का.