डोंगरी खोऱ्यातल्या जुन्या खाणी आणि रँच कशा ओळखाव्यात

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या एखाद्या आडवळणी खोऱ्यात मोडकी केबिन दिसली की सगळे तिच्याकडेच वळतात. काळ ठरवायचा असेल, तर आधी तिच्यामागचा उकिरडा बघा. तिथल्या पत्र्याच्या डब्याच्या टोकाला डाखाचा (भोक बुजवणाऱ्या वितळवलेल्या धातूचा) थेंब असेल, तर तो बहुधा जुन्या घडणीचा. दुहेरी दुमडलेल्या कडांचे, टोकांना डाख नसलेले डबे १९०४ पासून आले आणि पुढे सर्रास झाले. यात आटवलेल्या दुधाचे डबे फसवतात, कारण त्यांच्यावर तो थेंब पुढेही बरीच दशकं टिकला. चौकोनी निमुळते खिळे साधारण १८९० च्या आधीचे, गोल तारेचे नंतरचे. पण जुनी लाकडं पुन्हा वापरली जायची, म्हणून एका खिळ्यावर भिस्त ठेवू नका.

खाण शोधताना तोंड नाही, ढीग शोधा. उतारावर वर सपाट आणि पुढे जिभेसारखा ओघळलेला, झाडं न उगवलेला ढीग दिसला, की त्याच्या डोक्याशी आडवा बोगदा असणार, ढासळलेला असला तरी. फोडलेला खडक साधारण दीडपट फुगतो. ६ फूट उंच, ५ फूट रुंद बोगद्यातून दर फुटाला ३० घनफूट खडक निघतो, ढिगात तो ४५ होतो. म्हणजे ४,५०० घनफुटांचा ढीग जेमतेम १०० फूट खोदकामाचा. बारीक, पिठासारखा थर दिसला तर तो दळलेल्या खनिजाचा गाळ. त्यात पारा, आर्सेनिक असू शकतं. हात लावू नका, वाऱ्याच्या दिवशी तिथे रेंगाळू नका.

रँचच्या, म्हणजे गुरं-मेंढरं पाळण्याच्या मोठ्या शेतांच्या, खुणा इतक्या ठळक नसतात. उताराला आडवी, जवळजवळ समपातळीत जाणारी हिरवी रेघ म्हणजे बहुतेक कुरणाला पाणी नेणारा पाट. मात्र खाणवाल्यांनीही असेच पाट काढले, तेव्हा तो कुठे उतरतो ते बघा. खोडात रुतलेली काटेरी तार कुंपणाची जुनी रेघ दाखवते. जोसेफ ग्लिडनचं काटेरी तारेचं पेटंट १८७४ चं, त्यामुळे त्या बनावटीची तार त्याआधीची नसते. ॲस्पेन झाडांच्या सालीवर मेंढपाळांनी कोरलेली नावं आणि वर्षं मिळतात. ती वेळीच टिपा, ही झाडं फार जगत नाहीत.

बोगद्यात शिरू नका. कुजलेले टेकू दिसतात तरी. प्राणवायू संपलेली हवा दिसत नाही. उभ्या खाणीची कड खालून पोकळ असू शकते. जुनी डायनामाइट सापडली तर न हलवता मागे फिरा आणि शेरीफला (तिथल्या पोलीस प्रमुखाला) कळवा.

वस्तू उचलूही नका: जागा बदलली की तिचा पुरावा गेला. शिवाय संघराज्याच्या जमिनीवरचे १०० वर्षांहून जुने पुरातत्त्वीय अवशेष परवान्याविना हलवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या, जीपीएसची नोंद करा.