पदवीधरांचे स्टुडिओतील फोटो : टोपी आणि गाऊन असताना या चुका टाळा

पदवीदान समारंभाच्या दिवसांत स्टुडिओत गर्दी होते आणि एरवी पासपोर्ट आकाराच्या फोटोंसाठी लावून ठेवलेल्या दिव्यांसमोरच पदवीधराला उभे केले जाते. बहुतेक फोटो इथेच बिघडतात. पासपोर्टच्या फोटोत चेहरा स्पष्ट दिसला की काम भागते. परंतु डोक्यावर कपाळापुढे येणारी चौकोनी टोपी आणि अंगावर प्रकाश गिळणारा काळा गाऊन असला, की दिव्याची उंची, अंतर आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ घ्यायचा ते) हे सगळेच नव्याने ठरवावे लागते.

सर्वांत जास्त त्रास टोपीचा होतो. मुख्य दिवा नेहमीच्या उंचीवर राहिला, तर टोपीच्या कडेची सावली थेट डोळ्यांवर पडते. ती घालवण्यासाठी टोपी मागे सारली जाते आणि मग ती कपाळावर बसलेली न दिसता डोक्यावरून घसरत असल्यासारखी दिसते. टोपीचा चौकोन जमिनीला समांतर असावा आणि तिचा पट्टा भुवयांच्या दोन-तीन बोटे वर यावा. सरकवायचे ते दिव्याला. दोन्ही डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका चमकेपर्यंत सॉफ्टबॉक्स, म्हणजे प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीतला मुख्य दिवा, खाली आणावा आणि कमरेच्या उंचीवर, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, पांढरा थर्माकोल आडवा धरावा. थर्माकोलचा हा तुकडा महागड्या रिफ्लेक्टरइतकेच काम करतो, हे मी अनुभवाने सांगतो. अंबाडा उंच बांधलेला असेल तर टोपी बसणारच नाही, म्हणून तो मानेशी बांधायला आधीच सांगावे. गोंडा कोणत्या बाजूला असावा याचा विद्यापीठाचा काही संकेत असेल तर तो पाळावा. नसेल तर गोंडा मुख्य दिव्याच्या विरुद्ध बाजूला ठेवावा, म्हणजे त्याची सावली गालावर पडत नाही.

दुसरी चूक एक्स्पोजरची. चौकटीचा मोठा भाग काळा असल्यामुळे स्वयंचलित फ्लॅश त्याला करडा करायला जातो आणि चेहरा पांढराफटक पडतो. कॅमेरा मॅन्युअलवर, म्हणजे सगळे हाताने ठरवण्याच्या मोडवर ठेवून, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100, शटर 1/125 सेकंद आणि लेन्सचे छिद्र एफ/8 पासून सुरुवात करावी आणि फ्लॅशची ताकद गाऊनवरून नव्हे, चेहऱ्यावरून ठरवावी. गाऊनच्या चुण्या दिसण्यासाठी मागच्या बाजूने खांद्यावर एक छोटा दिवा द्यावा. काळ्या पडद्यासमोर तो नसेल, तर फोटोत नुसते डोके आणि दोन हात तरंगताना दिसतात. पडदा करडा असल्यास उत्तम, आणि पदवीधर त्याच्यापासून पाच-सहा फूट पुढे असावा.

भाड्याचा गाऊन पिशवीतून निघतो, तेव्हा छातीवर घडीची रेघ ठरलेलीच. एकदा चाळीस जणांच्या फोटोंतील अशा रेघा संगणकावर पुसत मी पहाटेचे तीन वाजवले. तेव्हापासून वाफेची इस्त्री स्टुडिओच्या दारातच असते. शिवाय गाऊन सगळ्यांना ढगळच होतो. समोरासमोर उभे केले की माणूस तंबूत शिरल्यासारखा दिसतो, म्हणून शरीर थोडे तिरके वळवावे, वजन मागच्या पायावर घ्यायला सांगावे आणि पाठीमागे कपड्यांचे दोन चिमटे लावून सैल कापड आवळावे. पदवीची गुंडाळी मुठीत लाटण्यासारखी न धरता बोटांत सैल धरावी.

चष्म्यावर दिव्याची चमक येते म्हणून चष्मा काढायला लावू नये. रोज चष्मा लावणाऱ्या मुलीचा बिनचष्म्याचा फोटो तिच्या आईलाच परका वाटतो. चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या की काचा खाली झुकतात आणि चमक बहुधा निघून जाते.

जागा अपुरी म्हणून वाइड लेन्सने (जवळूनही मोठे दृश्य टिपणाऱ्या लेन्सने) जवळून फोटो काढला, तर नाक आणि टोपीची पुढची कड दोन्ही मोठी दिसतात. फुल फ्रेम (जुन्या 35 मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 85 मिमीची लेन्स लावून सात-आठ फुटांवर उभे राहावे. टोपीच्या वर मोकळी जागाही सोडावी, कारण 8×12 इंचांच्या प्रमाणातील फोटो 8×10 इंचांवर छापताना लांबीतले दोन इंच जातात आणि पहिला बळी टोपीच्या कोपऱ्याचा जातो.

बिनटोपीचे फोटो हवे असतील तर ते आधी काढून घ्यावेत. टोपी काढल्यावर केस चपटे होतात आणि कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उरतो, तो बराच वेळ जात नाही. तोवर बाहेर पुढचे चार जण खोळंबलेले असतात.