बेटांवरची माती: हवाईचा अभ्यास करताना या चुका टाळा

आपण दख्खनची माणसं. खाली बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा दगड) म्हटलं की वर काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी कपाशीची जमीन असणार, हे डोक्यात पक्कं बसलेलं. हवाई बेटांबद्दल वाचताना पहिला पाय घसरतो तो इथेच. ही बेटंही बेसाल्टचीच, पण कवाई बेटावर 40 लाख वर्षांहून जुन्या लाव्हावर माती लालभडक आहे. चुना, पोटॅश पावसाने धुऊन नेलं, मागे लोह आणि अॅल्युमिनियम राहिलं. कोकणातला जांभा पाहिलेल्याला ती अनोळखी वाटणार नाही. काळी चिकण मातीही या बेटांत सापडते. ओआहू बेटाच्या कोरड्या पश्चिम अंगाला, लुआलुआलेई खोऱ्यात. तेव्हा दगडावरून मातीचा अंदाज बांधू नका. आधी पाऊस किती आणि लाव्हा किती जुना, ते विचारा.

दुसरी चूक जास्त मजेशीर आहे, आणि ती चांगल्या अभ्यासकाकडूनही होऊ शकते. मातीत जे आहे ते खालच्या दगडातूनच आलं, असं आपण धरून चालतो. हवाईच्या मातीत क्वार्ट्झ (गारेचं खनिज) सापडतं आणि तिथल्या बेसाल्टमध्ये तर क्वार्ट्झ नाही! मग आलं कुठून? आशियाच्या वाळवंटांतून, वाऱ्यावर, अर्धा पॅसिफिक ओलांडून. मृदाशास्त्रज्ञ ऑलिव्हर चॅडविक आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये दाखवलं, की कवाईच्या जुन्या जंगलाला फॉस्फरस मुख्यतः या धुळीतून मिळतो आणि कॅल्शियमसारखी द्रव्यं समुद्राच्या खारट तुषारांतून. दगडातला साठा केव्हाच संपलाय. वर्षाला पडणारी धूळ चिमूटभरच, पण लाखो वर्षांचा हिशेब मांडला की ती जंगल पोसते. 'एकाकी' बेट हा शब्द मला तेव्हापासून जरा खटकतो.

प्रयोगशाळेतली चूक वेगळी. हवाई नावाच्याच सर्वांत मोठ्या बेटावर, हिलो शहराच्या बाजूला वर्षाला 3,000 मिमीहून जास्त पाऊस पडतो आणि ज्वालामुखीच्या राखेची माती स्पंजासारखी पाणी धरते. काही ठिकाणी कोरड्या वजनापेक्षाही पाण्याचं वजन जास्त. असा नमुना नेहमीच्या सवयीने वाळवला, की बारीक कण एकमेकांना चिकटून वाळूसारखे खडे होतात आणि पुन्हा भिजवले तरी पूर्ववत होत नाहीत. अहवालात मग 'वाळूमिश्रित' असं येतं. नमुना ओलाच, पिशवी घट्ट बांधून न्या. शंका असेल तर सोडियम फ्लोराइडची चाचणी करा: सामू (pH) 9.4 च्या वर उडाला तर राखेतली स्फटिकहीन खनिजं असण्याची शक्यता दाट. खताचं गणितही इथे बिघडतं, कारण ही खनिजं फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात. टाकलेलं सगळं पिकाला मिळत नाही.

पूर्ण बेटाला पावसाचा एकच सरासरी आकडा लावणं मात्र अक्षम्य. हवाई बेटाच्या कोहाला भागात कोरडा किनारा आणि 3,000 मिमीचा माथा यांत वीस किलोमीटरही अंतर नाही. खाली पाणी अपुरं, वर सत्त्व धुऊन गेलेलं. जुन्या हवाईकरांनी रताळ्याची शेती नेमकी मधल्या पट्ट्यात केली. त्यांच्या शेतांचे बांध आजही तिथे उतारावर दिसतात.