देवकुंडला निवांत जायचं असेल तर

रायगड जिल्ह्यात भिरा गावाजवळचा देवकुंड धबधबा म्हटला की लोकांच्या डोळ्यासमोर फक्त ते हिरवंगार कुंड येतं, मग काय, धावत जायचं, फोटो काढायचे, धावत परत. मला विचाराल तर खरी मजा वाटेतच आहे. आधी भिऱ्याच्या धरणाचं पाणी कडेला ठेवून, मग जंगलातून ओढ्याच्या सोबतीने, जायला साधारण ६ किमी. ग्रुपवाले अडीच तासात पळवतात, तुम्ही आरामात साडेतीन धरा.

सीझन दिवाळीनंतर ते जानेवारी. पावसाळ्यात नको म्हणजे नकोच, तिथे माणसं वाहून गेलीत आणि प्रशासन बंदीही घालतं. एरवीसुद्धा निघायच्या आधी गावात फोन करून चालू आहे ना ते विचारा आणि वाटाड्या गावातलाच घ्या. पुण्याहून ताम्हिणी उतरून विळे, पाटणूस, भिरा. मुंबईकरांनी कोलाडवरून या.

आदल्या संध्याकाळी कॅम्प लावताना टेंट अगदी पाण्याला चिकटून लावायचा मोह होतोच, पण नका लावू. मुळशी धरणाचं पाणी १९२७ पासून डोंगरावरून पाईपने खाली भिऱ्याच्या टाटा पॉवरहाऊसला येतंय, वीज तयार झाली की तेच पाणी पुढे खाली सोडतात, म्हणजे आभाळात ढग नसला तरी पातळी वर-खाली होऊ शकते. काठावर ओल्या मातीची किंवा कचऱ्याची रेघ दिसते ना, तिच्या बरंच वर जागा बघा. थंडीत दव जाम पडतं, टेंटचं वरचं कव्हर घालाच.

सकाळी सातला निघा. दोन लिटर पाणी, चिक्की, संत्री, काठी, एक जोडी जास्तीचे मोजे, बास. बूट ॲक्शनचे साधे ट्रेकिंगचे पण चालतात, महागडेच पाहिजेत असं काही नाही. परफ्युम मारून मात्र येऊ नका, आणि कड्याखाली धूर करू नका, आग्यामोहोळ उठलं तर पळायला जागा नसते. जंगलात ऐनाचं झाड ओळखायला एकदम सोपं, साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. बसायचं तर अशाच एखाद्या सावलीत बसा, दहा मिनिटं गप्प राहिलात की पक्षी आपोआप बोलायला लागतात (ब्लूटूथ स्पीकर वाल्यांना माझा कोपरापासून नमस्कार).

ओढा ओलांडताना घाई नको. सॅकचे पट्टे आधी सोडून ठेवा, पडलात तर सॅक चटकन टाकता आली पाहिजे. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच पाय उचलायचा. हिरवट चकाकणारा दगड दिसला की त्यावर पाय देऊच नका, शेवाळ असतं, त्यापेक्षा दोन दगडांच्या मधे पाण्यातच पाऊल टाकलेलं बरं, बूट ओला झाला तर होऊदे. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर परत फिरा. आणि स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पानं काड्या वाहत यायला लागल्या, तर वर कुठेतरी पाऊस झालाय, सगळं सोडून आधी काठावर या.

शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडांचा आहे, तिथे हात मोकळे ठेवा, मोबाईल सॅकमधे. कुंड वरून दिसतं त्यापेक्षा बरंच खोल आहे, पोहता येत असलं तरी उतरू नका. दुपारी एकच्या आत परत फिरा म्हणजे उजेडात गावात पोचाल, आणि सकाळी निघतानाच कुणाकडे तरी पिठलं भाकरी सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.