वेबसाइटवर चॅट आहे, पण गिऱ्हाईक थांबत नाही? या चुका टाळा

मे महिन्यात तारकर्लीला जायचं ठरवलेलं कुटुंब रात्री दहाला तीन-चार होमस्टेच्या वेबसाइट उघडून बसतं. प्रत्येकीवर खाली उजव्या कोपऱ्यात चॅटचं गोल बटण असतं. 'दोन खोल्या मिळतील का, जेवणात मासे असतील का' हा प्रश्न चौघांना जातो आणि ज्याचं उत्तर आधी येतं त्याच्याकडे बुकिंग होतं. उरलेल्या तिघांना आपल्याकडे प्रश्न आला होता हेही अनेकदा कळत नाही.

संगणकावरच्या गप्पांना पन्नास वर्षं उलटून गेली आहेत. खालच्या बहुतेक चुका आधीच्या लोकांनी करून झाल्या आहेत आणि त्यांवरचे उपायही सापडलेले आहेत. होमस्टे, आंब्याची विक्री, बोट किंवा स्कूबाचं बुकिंग, गावाची वेबसाइट, यांपैकी काहीही चालवत असाल तर तेच उपाय उपयोगी पडतील.

कोणी नसताना हिरवा ठिपका

१९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या शिक्षणासाठीच्या संगणक यंत्रणेवर डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी टॉकोमॅटिक हा गप्पांचा प्रोग्राम लिहिला. एका खोलीत पाच जण बोलू शकत आणि प्रत्येकाने टाइप केलेलं अक्षर त्याच क्षणी इतरांना दिसे. पलीकडे माणूस आहे, हे कोणी वेगळं सांगायची गरज नव्हती. आजचा चॅटच्या बटणावरचा हिरवा ठिपका तेच सांगतो, फक्त तो खोटंही सांगू शकतो. चोवीस तास हिरवा ठेवलेला ठिपका हा गिऱ्हाइकाला दिलेला आणि रोज मोडलेला शब्द आहे.

उपाय सोपा आहे. ज्या वेळेत खरंच कोणी फोन हातात घेऊन असेल तेवढीच वेळ चॅट चालू ठेवा, मग ती संध्याकाळी ७ ते १० एवढीच का असेना. बाकीच्या वेळी चॅटच्या जागी छोटा फॉर्म दिसू द्या: येण्याची आणि जाण्याची तारीख, माणसं किती, फोन नंबर. त्याखाली 'उद्या सकाळी ११ पर्यंत फोन करू' असं नेमकं लिहा. 'लवकरच संपर्क करू' हे कोणी वाचत नाही. पावसाळ्यात बोटी आणि स्कूबा बंद असतात, तेव्हा पहिल्याच ओळीत तसं सांगून टाका.

बरेच जण वेबसाइटवरून थेट व्हॉट्सॲप बिझनेसला जोडतात. लहान धंद्याला हाच मार्ग बरा. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लिंकमध्ये नंबर ९१ लावून लिहायचा, आधी शून्य किंवा अधिकचं चिन्ह नको. नाहीतर लिंक उघडते पण नंबर सापडत नाही. दुसरं म्हणजे, ॲपमधला 'आम्ही आत्ता उपलब्ध नाही' हा आपोआप जाणारा मेसेज तुमच्या फोनला इंटरनेट असेल तरच जातो. वीज गेली, टॉवर बंद पडला, की नेमका त्याच वेळी तो जात नाही. वादळवाऱ्याच्या दिवसांत वेबसाइटवर दुसरा फोन नंबरही लिहिलेला असू द्या, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या सिमचा.

रेंज गेली की मेसेज गेला

स्वतःच्या वेबसाइटवर चॅट बांधून घेतला असेल तर सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून हा भाग चॅट बनवणाऱ्याला आवर्जून वाचायला द्या.

१९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) सुरू केलं. जगभरच्या चॅट रूमचा तो पाया ठरला. त्यात जुने मेसेज साठवण्याची सोय नव्हती. तुमची जोडणी तुटली, तर त्या मधल्या वेळात झालेलं बोलणं तुमच्यापर्यंत येत नसे. पुढे वेबपानांवर चॅट आला तेव्हा पान दर काही सेकंदांनी सर्व्हरला 'नवीन काही आहे का' असं विचारत राही. २०११ मध्ये वेबसॉकेटचं प्रमाण ठरलं आणि एकच जोडणी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवता येऊ लागली. पण मेसेज हरवू न देणं हे काम वेबसॉकेट करत नाही. ते तुमच्या प्रोग्रामला करावं लागतं.

मुंबईहून निघालेला प्रवासी कोकण रेल्वेच्या गाडीतून चॅट करतोय असं धरा. रत्नागिरीच्या अलीकडे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा लागतो. चार-पाच मिनिटं रेंज नाही. अशा वेळी जोडणी गुपचूप मरते. ब्राउझर आणि सर्व्हर दोघांनाही बराच वेळ ती जिवंतच वाटते. त्याने पाठवलेला 'हो, दोन्ही खोल्या ठेवा' हा मेसेज त्याच्या पडद्यावर दिसतो, पण तुमच्याकडे पोचत नाही.

हे टाळायला प्रत्येक मेसेजला गिऱ्हाइकाच्या फोनवरच एक वेगळा क्रमांक द्यावा. सर्व्हरने तो आधी डेटाबेसात लिहावा आणि मग पोच पाठवावी. पोच येईपर्यंत मेसेजशेजारी घड्याळाची खूण राहू द्या. पाच सेकंदांत आली नाही तर तोच मेसेज त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवा. क्रमांक तोच असल्याने सर्व्हर तो दोनदा नोंदवणार नाही, म्हणजे एकाच खोलीचं दोनदा बुकिंगही होणार नाही. जोडणी परत आली की फोनने 'मला शेवटचा हा क्रमांक मिळाला' असं सांगावं आणि सर्व्हरने पुढचे सगळे द्यावेत.

पुन्हा जोडण्याचा प्रयत्न १, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवत ३० सेकंदांपर्यंत न्या आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवा. नाहीतर सर्व्हर बंद पडून उठला की सगळे फोन एकाच क्षणी त्याच्यावर तुटून पडतात.

चॅट बरोबर एका मिनिटाने तुटत असेल तर मधला एनजिनएक्स (ब्राउझर आणि तुमचा प्रोग्राम यांच्यामध्ये बसणारा वेब सर्व्हर) तपासा. शांत जोडणी ६० सेकंदांनी तोडणं ही त्याची मूळ मांडणी आहे. दर २५ सेकंदांनी एक रिकामा पिंग, म्हणजे 'मी आहे' एवढंच सांगणारा इशारा, पाठवला की प्रश्न सुटतो.

यूपीआयचीही एक अडचण आहे. गिऱ्हाईक ॲडव्हान्स भरायला दुसऱ्या ॲपमध्ये जातं, तेवढ्यात फोन मागचं पान झोपवतो. परत आल्यावर चॅट कोरा दिसला तर पैसे भरलेला माणूस घाबरतोच. संभाषणाची ओळख ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये (फोनवरच माहिती ठेवण्याच्या जागेत) ठेवा आणि पान पुन्हा समोर आलं की जोडणी तपासून मागचे मेसेज भरा.

मराठी लिहिणाऱ्याचा विचार न करणं

संगणकावर मराठी टाइप करणारा माणूस सुचवलेला शब्द निवडायला अनेकदा एंटर दाबतो. चॅटने एंटर म्हणजे 'पाठवा' एवढंच धरलं असेल तर 'आम्हाला दोन खो' असा अर्धा मेसेज निघून जातो. शब्द अजून जुळवला जात आहे की नाही हे ब्राउझर सांगतो. ते पाहूनच पाठवा.

लांबीची मर्यादा बाइटमध्ये मोजू नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'क्षि' या एका अक्षरात चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. बाइट मोजून कापलं की शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये 'यूटीएफ८' नावाची जुनी मांडणी असेल तर मराठी नीट चालतं, पण इमोजी आला की मेसेज नाकारला जातो किंवा तिथेच तुटतो, कारण इमोजीला ४ बाइट हवे असतात. 'यूटीएफ८एमबी४' निवडा.

चॅट मालकाच्या फोनवर एसएमएसने येत असेल तर खर्च बघा. इंग्रजीचे १६० अक्षरांना एक एसएमएस, मराठीचे ७० चिन्हांना एक. लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. दीडशे चिन्हांचा मराठी मेसेज तीन एसएमएस खातो.

खुली चॅट रूम उघडून सोडून देणं

गावाच्या वेबसाइटवर चाकरमान्यांसाठी चॅट रूम ही कल्पना चांगली आहे. पण चोवीस तास उघडी रूम बहुतेक वेळ रिकामी असते, आणि रिकाम्या खोलीत आलेला माणूस परत येत नाही. त्यापेक्षा शिमग्याआधी किंवा गणपतीआधी दर रविवारी रात्री ८ ते ९ अशी वेळ जाहीर करा आणि तेवढीच रूम उघडा. पालखी कुठल्या वाडीत कधी, गाड्यांची सोय काय, असे विषय असले की लोक येतात.

देखरेखीशिवाय मात्र उघडू नका. मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनने २००३ मध्ये अनेक देशांतल्या मोफत चॅट रूम बंद केल्या, त्या स्पॅम आणि मुलांची सुरक्षितता या कारणांनी. तिथेही नेहमी कोणीतरी लक्ष ठेवायला हवं होतं. निदान दोघांकडे मेसेज काढण्याचा आणि सदस्याला बाहेर करण्याचा अधिकार द्या. आणि कोणाचाही मेसेज पानावर जसाच्या तसा एचटीएमएल (वेबपानाचा कोड) म्हणून टाकू नका. साधा मजकूर म्हणूनच दाखवा. नाहीतर कोणी मेसेजमध्ये कोड लिहून बाकीच्यांच्या ब्राउझरमध्ये तो चालवू शकतो.

जड बटण

बाहेरून घेतलेला तयार चॅट प्रत्येक पानावर आपला सगळा कोड उतरवतो. कमी रेंजमध्ये खोल्यांचे फोटो अडकतात ते यामुळे. आधी फक्त चित्राचं बटण ठेवा, दाबल्यावरच खरा चॅट उतरू द्या. बटण 'बुक करा'वर चढत नाही ना, हे लहान फोनवर पाहा. लिहिण्याच्या चौकटीतली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर पान आपोआप मोठं होतं.

चॅटमध्ये आधार आणि क्यूआर

ओळखपत्राचा फोटो चॅटवर मागू नका. पाहुणे आल्यावर पाहून नोंदवहीत लिहा. ॲडव्हान्सच्या नावाखाली समोरच्याने क्यूआर पाठवून 'स्कॅन करा, पैसे येतील' म्हटलं तर थांबा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला गेला, की पैसे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत.

सुरू करण्याआधीची चाचणी

दोन फोन घ्या, एक गिऱ्हाइकाचा आणि एक मालकाचा. गिऱ्हाइकाच्या फोनवर विमान मोड लावून मराठीत, इमोजीसकट, तीन मेसेज पाठवा. पाच मिनिटांनी मोड काढा. तिन्ही मेसेज त्याच क्रमाने, एकेकदाच, मालकाकडे आले पाहिजेत. मग मालकाचा फोन बंद करून तेच करा. शेवटी चॅट उघडा ठेवून यूपीआय ॲपमध्ये दोन मिनिटं घालवून परत या आणि आधीचं बोलणं जागेवर आहे का पाहा. यात कुठे अडलं तर हंगाम सुरू होण्याआधी दुरुस्त करून घ्या. तोवर बटणाच्या जागी फोन नंबर ठेवा.