ब्रेक पॅड घरी बदलताय? या चुका टाळा

घरी पॅड बदलून मजुरी वाचवायला माझी ना नाही. गेली बारा वर्षं मी माझ्या गाडीचे पॅड खळ्यातच बदलतोय. पण घाटावरच्या माणसाला खारा वारा विचारात घ्यावा लागत नाही, आपल्याला कोकणात लागतो.

नवे पॅड बसवतात आणि कॅलिपरच्या पिनांना हातही लावत नाहीत, ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणारी पकड, ती या पिनांवरच सरकते. पिनेचा रबरी बूट फाटला की दमट हवा आत शिरते, पिन गंजते, कॅलिपर अडकतो. मग पिस्टनकडचा, म्हणजे पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याकडचा, आतला पॅड एकटाच झिजत राहतो. गुहागरच्या मावसभावाची गाडी बारा महिने समुद्राच्या अंगाला उभी. गणपतीत म्हणाला, पुढच्या चाकातून खरखर येतेय, आणि पॅड तर शिमग्यालाच टाकलेत. चाक उतरवलं. बाहेरचा पॅड जवळपास कोरा, आतल्याची नुसती लोखंडी पाठ उरलेली, डिस्कवर नखाला लागतील असे चरे. खालची पिन बाहेर काढायला अर्धा तास गेला. डिस्क, पॅड, पिना, बूट, सगळं नवीन घ्यावं लागलं, आणि हे सगळं शिमग्याला दहा मिनिटं वाचवली म्हणून.

पॅड बदलायचे नसले तरी पाऊस संपला की मी पिना काढतो, पुसतो, सिलिकॉन ग्रीस लावतो. बेअरिंगचं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. वरची आणि खालची पिन अदलाबदल करू नका, काही गाड्यांत त्या वेगळ्या असतात.

गाडीखाली टेकू म्हणून जांभ्याचा चिरा लावणाऱ्यांना मी सरळ थांबवतो. चिरा भाराने फुटतो. जॅकवर भिस्त नको, स्टँड घ्या.

कॅलिपर ब्रेकच्या पाइपावर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा.

नव्या जाड पॅडना जागा करायला पिस्टन मागे दाबल्यावर पहिल्यांदा पेडल थेट खाली जातं. शेजारचा मुलगा हे विसरला आणि उतारावरून गाडी गडग्यावर नेऊन आदळली. गाडी सुरू करण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल वर येतं, तेही बघा. सांडलं तर रंग उडतो.

उघडून ठेवलेल्या बाटलीतलं ब्रेक ऑइल वापरू नका, मग ती अर्धी भरलेली का असेना. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ या प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशाला उकळतं, पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते. आंबा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबत राहिलात तर चाकाशी उष्णता वाढते, ऑइल उकळून वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. तिथे थांबायला जागा मिळेलच असं नाही.

काम झालं की पहिली फेरी सड्यावरच्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर, सावकाश. परत आल्यावर चाकाजवळ हात धरून बघा. एक चाक दुसऱ्यापेक्षा फार तापलं असेल, तर पिना पुन्हा काढा.